थंबपिक : टॉमी इमॅन्युएल ऐकल्यावर घ्यायची पहिली वस्तू

ऑस्ट्रेलियन गिटारवादक टॉमी इमॅन्युएल यांचे वादन पहिल्यांदा पाहणारा माणूस बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतो, तो म्हणजे ही गिटार कोणती. ती बहुधा मेटन या ऑस्ट्रेलियन कंपनीची असते. १९४६ साली मेलबर्नमध्ये सुरू झालेल्या या कंपनीने त्यांच्या नावाची खास गिटारही काढलेली आहे, आणि तिची किंमत समजली की आपल्यातील बहुतेकांसाठी तो विषय तिथेच मिटतो. मात्र त्याच चित्रफितीत उजव्या हाताच्या अंगठ्याकडे पाहिले, तर तिथे प्लास्टिकचे एक छोटे कडे आणि त्यातून बाहेर आलेले टोकदार पाते दिसते. त्यांच्या आवाजाचा जो भाग आपल्या साध्या गिटारवर, ठाण्यातील एखाद्या सदनिकेत बसून आपल्याला मिळवता येण्याजोगा आहे, तो बऱ्याच अंशी या कड्यातून येतो, असे माझे मत आहे. हे परीक्षण त्या थंबपिकचे, म्हणजे अंगठ्यात घालून तार छेडायच्या त्या कड्याचे आहे.

आधी दुकानाविषयी. ठाण्यात ही वस्तू मिळते, परंतु ती समोर मांडलेली दिसत नाही. स्ट्रमिंगसाठी, म्हणजे सगळ्या तारा एकदम छेडण्यासाठी लागणाऱ्या चपट्या पिकांचे रंगीत डबे कोणत्याही वाद्यविक्रेत्याच्या काउंटरवर असतात. थंबपिक मात्र आत, सतारीच्या नख्या आणि हवाईयन गिटारचा लोखंडी बार ठेवलेल्या खणात सापडते. नौपाड्यातील ज्या जुन्या दुकानातून मी ती घेतली, तिथल्या काकांनी खण उघडतानाच विचारले, "स्लाइड वाजवता का? साधी गिटारवाले ही कोणी मागत नाहीत हो." त्यांचे म्हणणे आपल्याकडच्या इतिहासाला धरूनच होते. मांडीवर आडवी ठेवून, तारांवर बार सरकवत वाजवायच्या या स्लाइड गिटारची परंपरा आपल्याकडे जुनी आणि समृद्ध आहे. व्हॅन शिप्ले यांनी त्या गिटारवर चित्रपटगीतांच्या चाली घरोघरी पोहोचवल्या आणि पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर रागसंगीत प्रस्थापित केले. या वादकांना अंगठ्यात पिक लागतेच. उभ्या गिटारवर बोटांनी वाजवणाऱ्यांचा वर्ग मात्र आपल्याकडे अजून लहान आहे, त्यामुळे दुकानदार मोजक्याच पिका आणून ठेवतो आणि त्यात मापांची निवड फारशी राहत नाही. साध्या पिकची किंमत शंभर-दीडशे रुपयांच्या आसपास असते.

आता ही वस्तू नेमके काय करते, हे सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. इमॅन्युएल यांचा जन्म १९५५ साली ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समधील मसलब्रुक या गावी झाला. अगदी लहानपणापासून ते आपल्या भावंडांबरोबर गावोगाव फिरत कार्यक्रम करत होते, आणि स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण त्यांनी कधीच घेतले नाही. वयाच्या सातव्या वर्षाच्या सुमारास त्यांनी रेडिओवर अमेरिकी गिटारवादक चेट अ‍ॅटकिन्स यांची गिटार ऐकली. एकच माणूस बास (खालचे, जाड तारांवरचे स्वर), कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि चाल असे तिन्ही एकाच वेळी वाजवतो आहे, हे त्यांच्या कानांनी ओळखले आणि ते कसे होत असेल याचा शोध त्यांनी घरच्या घरी सुरू केला. गंमत अशी की, खुद्द अ‍ॅटकिन्स यांनीही नेमके हेच केले होते. अमेरिकेच्या केंटकी राज्यातील गिटारवादक मर्ल ट्रॅव्हिस यांचे वादन त्यांनी रेडिओवरच ऐकले होते. ट्रॅव्हिस केवळ अंगठा आणि तर्जनी एवढ्यांवर सगळा डोलारा उभा करत असत. ते दिसत नसल्यामुळे अ‍ॅटकिन्स यांनी एवढे स्वर काढायला आणखी बोटे लागत असणार असे गृहीत धरले आणि अंगठ्याच्या जोडीला दोन-तीन बोटांची स्वतःची पद्धत बसवली. पुढे १९९७ साली अ‍ॅटकिन्स आणि इमॅन्युएल यांचा एकत्र अल्बम निघाला आणि १९९९ साली अ‍ॅटकिन्स यांनी त्यांना 'सर्टिफाइड गिटार प्लेयर' ही आपली किताबवजा उपाधी दिली, जी त्यांनी फार मोजक्या वादकांना दिली होती. या तिघांच्याही उजव्या अंगठ्यात थंबपिक आहे. बोटांची संख्या बदलली, गिटारी बदलल्या, पण अंगठ्याचे काम तेच राहिले.

ते काम म्हणजे जाड तारांवर ठोक्याला ठोका लावत आलटून पालटून बास वाजवत राहणे. याच वेळी तळहाताची करंगळीकडची कड ब्रिजवर (तारा जिथे गिटारच्या अंगावर बसवलेल्या असतात त्या पट्टीवर) अशी टेकवलेली असते की सहावी, पाचवी आणि चौथी या तारा अर्धवट दाबल्या जातात आणि त्यांचा स्वर लांबत न जाता लगेच मिटतो. उरलेल्या तीन बारीक तारा मोकळ्या असतात, त्यांवर बोटे चाल वाजवतात. ऐकणाऱ्याला त्यामुळे दोन वेगवेगळी वाद्ये चालू असल्याचा भास होतो. इथेच उघड्या अंगठ्याची अडचण येते. अंगठ्याच्या मांसल बाजूने छेडलेली तार मुळातच मऊ बोलते. त्यात तिला तळहाताने दाबले की केवळ एक बद्द ठोका उरतो, त्यातला स्वर ऐकूच येत नाही. पिकच्या पात्याने मात्र आघात इतका स्पष्ट होतो की तार दाबलेली असूनही स्वर कळतो आणि तो चटकन थांबतोही. इमॅन्युएल यांच्या बासमध्ये जो टणक, उड्या मारत चालणारा ठेका आहे, त्याचे रहस्य वेगात कमी आणि या दोन गोष्टींच्या मेळात जास्त आहे. तबलजीने ठेका सोडायचा नाही आणि गायकाने हवे तसे विहरायचे, हा आपल्या मैफलीतला करार इथे एकाच हाताची बोटे आपसात पाळत असतात.

हे सगळे खरे असले तरी, पाकिटातून काढलेली थंबपिक अंगठ्यात घातल्यावर पहिली भावना वैतागाची असते. पारंपरिक घडणीच्या पिकचे पाते गरजेपेक्षा लांब असते. अंगठा अचानक वाढल्यासारखा होतो, पाते तारेत खोल जाऊन अडकते आणि बास भसाड्या आवाजात उसळतो. त्यात कडे सैल असेल तर ते फिरते, घट्ट असेल तर अंगठ्याचे टोक लाल होऊन ठणकू लागते. परीक्षण म्हणून स्पष्ट लिहायचे तर, ही वस्तू दुकानातून आणून तशीच वापरता येत नाही. ती स्वतःच्या अंगठ्यासाठी बेतून घ्यावी लागते. एवढी जुनी आणि एवढी वापरली जाणारी वस्तू अजूनही अशा कच्च्या अवस्थेत विकली जाते, याचे मला नवल वाटते.

बेतण्याचे काम अवघड नाही. कडे सैल किंवा घट्ट असल्यास पिक काही सेकंद गरम पाण्यात धरावी, नरम झाल्यावर हव्या त्या जाडीच्या मार्कर पेनवर वळवून आकार द्यावा आणि लगेच गार पाण्यात टाकावी. मेणबत्ती किंवा लायटरच्या ज्योतीवर हा प्रयोग मुळीच करू नये, कारण जुन्या पद्धतीच्या पिका सेल्युलॉइडच्या असतात आणि सेल्युलॉइड भडकन पेटते. पाते नखे घासायच्या कानशीने एक-दोन मिलिमीटर कमी करावे आणि टोक गोलसर करून बारीक काचकागदाने गुळगुळीत करावे. टोक खरखरीत राहिले तर गुंडाळलेल्या जाड तारांवर करकर आवाज येतो. कड्याच्या आतल्या बाजूला मात्र याच काचकागदाने मुद्दाम हलके चरे पाडावेत. ठाण्यातील मे महिन्यात आणि त्यानंतरच्या दमट पावसाळ्यात अंगठ्याला घाम सुटून पिक सरकते, आणि या चऱ्यांनी तिची पकड बऱ्यापैकी टिकते. पिक नखाच्या मुळाशी न ढकलता पेराच्या थोडी अलीकडे ठेवावी आणि पाते तारांना समांतर यावे इतपतच फिरवावी. एवढे झाल्यावर तीच पिक अंगावरच्या कपड्यासारखी वाटत नसली तरी खुपेनाशी होते.

यानंतर इमॅन्युएल यांच्या चित्रफितींकडे पाहण्याची दृष्टी बदलते, आणि माझ्या मते या किरकोळ किमतीच्या वस्तूचा खरा मोबदला तोच आहे. एरवी आपली नजर त्यांच्या डाव्या हातावर खिळलेली असते, कारण तिथे धावपळ दिसते. चित्रफितीचा वेग निम्मा करून केवळ उजवा अंगठा पाहत राहिले की कळते, चाल कितीही वळणे घेवो, अंगठा त्याची दखलच घेत नाही. सी कॉर्ड धरली असेल तर पहिल्या ठोक्याला पाचवी तार, दुसऱ्याला चौथी, तिसऱ्याला सहावी आणि चौथ्याला पुन्हा चौथी. तिसऱ्या ठोक्यापूर्वी डाव्या हाताची अनामिका गिटारच्या दांड्यावरील तिसऱ्या पट्टीवर (फ्रेटवर) पाचव्या तारेवरून सहाव्या तारेवर जाते आणि लगेच परत येते. हे चक्र बोलता बोलता, टीव्हीकडे पाहता पाहता, घरच्यांच्या हाकेला ओ देता देता चालू राहू लागले, म्हणजे मग बोटांना कामाला लावायचे. इमॅन्युएल स्वतः शिकवतानाही अंगठ्यावरच सर्वांत आधी भर देतात. बोटांचे स्वर प्रथम ठोक्याबरोबर चिमटीने वाजवावेत आणि ते बसल्यावर दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत सरकवावेत. अवघड जागा हीच आहे. बोट मधे पडले की अंगठाही त्याच्या मागे जाऊ पाहतो. पिकचा फायदा असा की अंगठा चुकला तर ते लपत नाही. उघड्या अंगठ्याचा डळमळीत ठोका कानाआड होऊन जातो, पिकचा मात्र खणखणीत ऐकू येतो.

निम्म्या वेगाने पाहताना आणखी दोन गोष्टी ध्यानात येतात. त्यांच्या बासचा आवाज आपल्याला वाटतो त्यापेक्षा बराच हलका असतो आणि चालीचा आवाज त्याच्या कितीतरी वर असतो. पिक हाती आल्यावर आपण करतो त्याच्या हे अगदी उलट आहे. दुसरी गोष्ट म्हणजे, मधेच जलद एकेरी स्वरांची तान आली की त्यांची तर्जनी अंगठ्याजवळ येते, पिकचे पाते दोघांच्या चिमटीत धरले जाते आणि तेवढ्यापुरती थंबपिक साध्या चपट्या पिकचे काम करते, म्हणजे खाली आणि वर अशा दोन्ही दिशांनी तार छेडते. तान संपताच चिमूट सुटते आणि अंगठा पुन्हा आपल्या ठेक्यावर येतो. उघड्या अंगठ्याने हे साधणे जवळपास अशक्य आहे.

मराठी गाणी या पद्धतीने वाजवू इच्छिणाऱ्यांसाठी एक सूचना करावीशी वाटते. आपली असंख्य भावगीते केरव्यात बांधलेली आहेत, आणि आठ मात्रांच्या केरव्याखाली हा आलटून पालटून चालणारा बास अगदी सहज बसतो. दर दोन मात्रांना अंगठ्याचा एक ठोका धरला की एका आवर्तनात वरचे चार ठोक्यांचे चक्र बरोबर पूर्ण होते. दादऱ्याच्या सहा मात्रांत मात्र हे चक्र तसेच्या तसे ओढू नये. तिथे पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर अंगठा बास देईल आणि मधल्या मात्रांवर बोटे कॉर्ड उचलतील अशी वेगळी मांडणी करावी लागते. ट्रॅव्हिस यांचा साचा हा दोन आणि चारच्या हिशेबातला आहे, त्यामुळे ताल पाहून मगच तो लावावा. चालीतल्या मींडेचे काय करायचे, हा प्रश्न उरतोच. बारीक तारेवर स्वर खेचून तिची थोडीफार छटा आणता येते, पण त्या वेळी अंगठा चालू ठेवणे हे वरच्या इयत्तेचे काम आहे.

थंबपिकचे सर्वांत देखणे काम मला हार्मोनिक्समध्ये दिसते. अ‍ॅटकिन्स यांच्याकडून आलेली आणि इमॅन्युएल यांनी आपल्या वादनात मुबलक वापरलेली ही युक्ती वीणेच्या किंवा हार्पच्या झंकारासारखी ऐकू येते. डावा हात पूर्ण मोकळा ठेवून उजव्या तर्जनीचे टोक सहाव्या तारेवर, बाराव्या पट्टीच्या धातूच्या बरोबर वर, नुसते टेकवायचे आणि त्याच हाताच्या अंगठ्यातील पिकने तार छेडायची. तिथे तारेचे दोन समान भाग होतात आणि मूळ स्वराच्या वरच्या सप्तकातील स्वर घंटेसारखा वाजतो. लगेच अनामिकेने तिसरी तार साधी छेडायची; मग पाचवी हार्मोनिक आणि दुसरी साधी, मग चौथी हार्मोनिक आणि पहिली साधी. पिक नसेल तर हार्मोनिक स्वर साध्या स्वराखाली दबून जातो आणि दोहोंची माळ गुंफली जात नाही. पिक असेल तर दोघांचा आवाज तुल्यबळ होतो. डाव्या हाताने कॉर्ड धरली असेल, तर तर्जनीने प्रत्येक तारेवर दाबलेल्या जागेपासून बारा पट्ट्या पुढे स्पर्श करायचा असतो, म्हणजे उजव्या हाताला डाव्या हाताचा आकार वर हवेत पुन्हा काढावा लागतो. नवशिक्याने मोकळ्या तारांवर समाधान मानावे. तेवढ्यानेही घरातली माणसे काम सोडून दाराशी येतात.

घरातल्या माणसांवरून शेजाऱ्यांचा विषय निघतो. थंबपिकने गिटार मोठ्याने वाजते, आणि एकाला एक लागून असलेल्या सदनिकांच्या सोसायटीत रात्री दहानंतर हा गुण राहत नाही. सुदैवाने तळहाताने तारा दाबण्याचा सराव हा मुळातच हळू आवाजाचा सराव आहे, तेव्हा रात्रीच्या वेळी तोच करावा. बारीक तारांवरही हलका रुमाल ब्रिजपाशी सरकवला तर अंगठ्याची शिस्त शेजाऱ्यांची झोप न मोडता लावता येते.

इतर पर्यायांचा विचार केला तर, पातळ नायलॉनच्या पात्याच्या पिका मिळतात. त्यांचा आघात सौम्य असतो आणि उघड्या अंगठ्याची सवय असलेल्यांना त्या लवकर रुळतात, पण तळहाताने दाबलेल्या तारांवर त्यांचा आवाज मला पातळ वाटतो. अमेरिकेतील फ्रेड केली यांच्या अरुंद, लहान पात्याच्या पिका या प्रकारात नावाजलेल्या आहेत आणि त्यांना कानस लावण्याची गरज सहसा पडत नाही. मात्र त्या बाहेरून मागवाव्या लागतात. ऑनलाइन मागवताना विक्रेता कोण आहे हे नीट पाहावे. एका विक्रेत्याकडून मला मध्यम मापाच्या म्हणून आलेल्या पिका प्रत्यक्षात तीन निरनिराळ्या मापांच्या निघाल्या आणि परत घेण्याची सोय त्या वस्तूला नव्हती. जिथे अंगठ्यात घालून पाहता येते त्या दुकानातूनच पहिली खरेदी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

ही वस्तू सर्वांसाठी नाही. शास्त्रीय पाश्चात्त्य पद्धतीने नायलॉनच्या तारांवर वाजवणाऱ्यांचा अंगठा नख आणि मांस यांच्या मिश्रणातून आवाजाचा रंग बदलत असतो, त्यांना पिकने नुकसानच होईल. मायकल हेजेस किंवा अँडी मॅकी यांच्यासारखे, तारा वेगळ्या स्वरांत लावून गिटारच्या अंगावर थापा देत आणि पट्ट्यांवर बोटे आपटत वाजवणे ज्यांना आवडते, त्यांनाही अंगठ्यातील कड्याची बहुधा अडचणच वाटेल. आणि ज्यांचा अंगठा किंवा मनगट दुखते त्यांनी तर जपूनच राहावे. लिओ कोट्के हे बोटांत पिका घालून विलक्षण जोरकस वाजवणारे अमेरिकी वादक. मनगटाच्या स्नायुबंधांच्या दुखण्यामुळे त्यांना १९८०च्या दशकात त्या सोडून उघड्या बोटांकडे वळावे लागले आणि वादनाची सगळी ढब नव्याने बसवावी लागली. पिकमुळे आवाज आपोआप मोठा होतो, म्हणून हाताचा जोर कमी करायचा असतो. तो तसाच ठेवणे हे दुखण्याला आमंत्रण आहे.

स्टीलच्या तारांची गिटार असणाऱ्या, चार-पाच कॉर्ड हाताखालून गेलेल्या आणि स्ट्रमिंगच्या पलीकडे जाऊ पाहणाऱ्या कोणालाही मी ही वस्तू निःसंकोच सुचवतो. महागडी गिटार किंवा लांबलचक अभ्यासक्रम घेण्याआधी ती घ्यावी. घेताना एक मध्यम आणि एक मोठी अशा दोन तरी घ्याव्यात, कारण एकीचे पाते कानशीने घासताना हात बसेपर्यंत दुसरी हाताशी हवी. पात्याची कड रोजच्या वापराने झिजून तिरकी होते आणि बास फुसफुसू लागतो. तेव्हा तिला पुन्हा काचकागद दाखवावा, आणि पाते फारच आखूड झाले की नवी आणावी.